खुर्चीभोवतीची मोकळी जागा

आदरणीय अध्यक्ष अनंतराव भुसारी, प्रमुख पाहुण्या मंदाकिनीताई घाटे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते डॉ. श्यामकांत तिजारे सर, मंडळाचे सर्व पदाधिकारी, समोर बसलेले काका-काकू, ताई-दादा, आणि माझ्या वयाचे जे खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे आहेत ते सगळे, आपणांस माझा नमस्कार.

मी निधी सावरबांधे. सरांच्या मेंदूविकार विभागात संशोधन साहाय्यक आहे. परवा रुग्णालयात सरांना रीतसर निरोप झाला. तिथे मोठी माणसं बोलली, इंग्रजीत बोलली, आणि सरांनी ती भाषणं ज्या चेहऱ्यानं ऐकली तो चेहरा मला रोज दिसतो. वॉर्डात कुणी तक्रार लांबवली की तोच असतो. आज रायपूरच्या आपल्या मराठी मंडळानं मला मराठीत बोलायची संधी दिली. मंडळाचे आभार मी आत्ताच मानून ठेवते. शेवटी त्यासाठी वेळ मिळणार नाही, तो का, हे पुढे कळेल.

आधी एक खुलासा. आज व्यासपीठावरच्या खुर्च्यांची मांडणी विचित्र दिसते आहे, याची मला कल्पना आहे. सरांची खुर्ची एकटीच मधोमध, आणि अध्यक्ष व पाहुण्या पार मागे पडद्याजवळ. अनंतकाका तर मघाशी म्हणाले, "काहून वो पोरी, आमाले वाळीत टाकलं का?" काका, वाळीत नाही टाकलं. समईसुद्धा मी कोपऱ्यात सरकवली आहे, सतरंजी गुंडाळून ठेवली आहे आणि माइकची वायर चिकटपट्टीनं जमिनीला बसवली आहे. हे सगळं पहिल्या रांगेत बसलेल्या एका बाईंसाठी आहे. त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला सरांविषयी काही सांगता येणार नाही.

त्या म्हणजे सत्यभामाबाई एकरे. तात्यापाऱ्यातल्या जुन्या लोकांना त्या ठाऊक असतील. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. रायपुरातून नागपूरला बोलायचं तर आधी बाईंशी बोलावं लागायचं, असा एक काळ होता. गेली काही वर्षं त्यांना पार्किन्सन आहे. आज त्यांच्याविषयी बोलू का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी परवानगी दिली आणि एक अट घातली. "सांग. पण मले बिचारी करू नको." तेव्हा तो शब्द या भाषणात पुन्हा येणार नाही.

पार्किन्सन म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. पण माणसाला पाडतात ते पाय. माणूस बरा चालत असतो, आणि दाराशी, अरुंद जागेत किंवा वळताना त्याचे पाय एकदम जमिनीला चिकटतात. वरचं शरीर पुढे जातं, पाय मागे राहतात. असं का होतं? मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन कमी बनवू लागतात, इतकं माहीत आहे. पण पाय चिकटतात त्या क्षणी मेंदूत नेमकं काय चाललेलं असतं? सरांना ते पाहायचं होतं.

अडचण अशी की मेंदूचं चित्र घेणारं एमआरआय मशीन म्हणजे एक अरुंद बोगदा. आत निजायचं, तोंडावर पिंजऱ्यासारखी चौकट बसवतात, आणि डोकं जरासुद्धा हलवायचं नाही. मग त्यात चालण्याचा अभ्यास कसा करायचा? यावर एक युक्ती आहे, ती जगभर वापरतात. माणसाला सांगायचं, निजल्या निजल्या मनात चाला. मनात चालतानाही मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात, तिकडे रक्त जास्त जातं, आणि मशीन ते टिपतं.

आमच्याकडे माणूस आधी रुग्णालयाच्या व्हरांड्यात खरोखरचा चालायचा. मग त्याला आत निजवायचं. कानात सूचना वाजायची, तीही माझ्याच आवाजात: "अब कल्पना कीजिए कि आप चल रहे हैं." घंटी वाजली की मनातल्या मनात थांबायचं, पुन्हा वाजली की चालायचं. मशीनजवळ लोखंड चालत नाही, म्हणून चपला, किल्ल्या, चष्मे, सगळं बाहेर माझ्या ताब्यात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा उरल्याला लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातात. सुरुवातीला ते एकदा मला डबा द्यायला आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांत चपला घेऊन उभं असलेलं पाहिलं. घरी जाऊन आईला म्हणाले, "एवढं शिकून पोट्टी लोकाइच्या चपला सांभाळून राहिली." आज ते पाळी बदलून आले आहेत. बाबा, चपला अजूनही सांभाळते. पण आत काय चालतं तेही आज सांगते.

सत्यभामाबाई आल्या त्या दिवशी मी त्यांच्या बांगडीला अडकवलेला सेफ्टी पिनांचा झुपका काढून घेतला. त्यांना ते आवडलं नाही. "नीट ठेव. पिना गेल्या की लुगड्याचा काही भरवसा नाही," म्हणाल्या. त्यांचा मुलगा शेखर सोबत होता. शेखरभैयांना मराठी सगळं समजतं, उत्तर ते हिंदीत देतात. ते आईला धीर देत होते, "अम्मा, बस लेटना है, कुछ नहीं करना है." मी म्हटलं, भैया, करायचं आहे, चालायचं आहे.

त्याच सुमारास बाईंचं नाव दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं ठरलं होतं. या शस्त्रक्रियेत मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात. बाईंचा उजवा हात तेव्हा इतका थरथरायचा की घास तोंडाशी पोहोचत नसे, आणि कुणी भरवलेलं त्या खात नसत. म्हणजे काय व्हायचं, ते आपण समजू शकता. पण ही शस्त्रक्रिया सरसकट करत नाहीत. ज्या माणसाची समज आणि आठवण उतरू लागली आहे, त्याला सहसा नाकारतात.

आणि बाईंचं चित्र इतरांसारखं आलं नाही.

इतरांच्या चित्रांत एक सारखेपणा होता. बाईंच्या चित्रात तोल आणि वळण सांभाळणारे भाग फार जास्त कामाला लागलेले दिसत होते. शिवाय मध्येच सगळं मंदावायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. जणू घंटी वाजलेली नसतानाही बाई थांबत होत्या. आम्ही मशीन तपासलं, हिशेब तपासला. दोन्ही बरोबर होते.

पाहणीसाठी बाहेरून समिती आली, तेव्हा हा विषय निघाला. बैठक सरकारनं शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात, एका कोऱ्या इमारतीत होती. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. समितीतले एक तज्ज्ञ म्हणाले, "डॉक्टर साहब, ये एक मरीज़ निकाल दीजिए. नतीजा साफ़ हो जाएगा." ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. असं करतात, त्याचे नियम आहेत. फक्त काढताना कारण लिहावं लागतं. कारणही त्यांनीच सुचवलं: रुग्णाला सूचना समजत नाहीत.

हे कारण बाईंच्या फाइलमध्ये गेलं असतं, आणि फाइल शस्त्रक्रियेच्या कागदांसोबत जायची होती. सूचना न समजणाऱ्या बाईंना तिथे कुणी उभं केलं असतं?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरांची निवृत्ती जवळ आली होती. बाईंना काढलं असतं तर अभ्यास पूर्ण झाला असता, निबंध छापायला गेला असता, आणि त्यावर सरांच्या नावाबरोबर माझंही नाव आलं असतं. सावरबांधे हे नाव तोवर मिलच्या हजेरीखेरीज कुठे छापून आलेलं नव्हतं. बैठकीत कुणाचाच विरोध नव्हता. सर म्हणाले, "मैं पहले उनसे बात करता हूँ." तज्ज्ञ म्हणाले, "इसमें पूछना क्या है?" सर म्हणाले, "पूछा नहीं है, इसीलिए."

इथे सरांच्या स्वभावाविषयी थोडं. सर गोड बोलत नाहीत. त्यांचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नाही. मला त्यांनी कधी शाबासकी दिलेली नाही. एखादं काम पाहून नुसतं "बरं" म्हणाले तर विभागात त्या दिवशी चहा मी पाजायची, असा प्रघात पडला होता, आणि मला त्याचा फारसा खर्च आला नाही. पण पेशंटला प्रश्न विचारून झाल्यावर सर गप्प बसतात. उत्तर यायला वेळ लागला तरी गप्पच. पार्किन्सनच्या माणसाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आपण त्या वेळात त्याच्या तोंडात आपलाच शब्द घालतो. सर घालत नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे.

आम्ही तात्यापाऱ्यात बाईंच्या घरी गेलो. शेखरभैयांनी दार उघडलं. डॉक्टर घरी येतात म्हणजे बातमी वाईटच असणार, असा त्यांचा समज झाला होता. चहा आला. बाईंनी कप डाव्या हातानं धरला. सरांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी मशीनमध्ये तुम्ही चाललात का?"

"चालली नं. तुमची ही पोट्टी कानात बोलूनच राहिली होती."

"कुठे चाललात?"

बाई गप्प झाल्या. शेखरभैयांना राहवेना. "अम्मा, हॉस्पिटल का बरामदा. बोलो ना, बरामदा." त्यांना वाटलं ही परीक्षा आहे आणि आई नापास होते आहे. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते बाईंकडे बघत बसून राहिले.

शेवटी बाई म्हणाल्या, "थो बरामदा बाहेरच राह्यला, डॉक्टर. तुम्ही मले भुयारात घातलं. तोंडावर पिंजरा. आतमधी ठकठक ठकठक. मले वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मंग मी दत्ताच्या देवळात गेली."

"देवळात काय केलंत?"

"देवळात काय करतेत? औदुंबराले प्रदक्षिणा घातल्या. घंटी वाजली की थांबली, वाजली की चालली. सांगतलं तसंच केलं."

सर म्हणाले, "घंटी वाजली नव्हती तेव्हाही थांबत होतात."

"हव. मांगच्या अंगाले भिंत आहे. भिंत अन् औदुंबराच्या मधात जागा चिचोळी. तिथं पाय चिकटत होते."

"मनातसुद्धा?"

"मन काय दुसऱ्या बाईचं आहे?"

मी तेही लिहून घेतलं. शेखरभैयांनी विचारलं, "मतलब अम्मा ठीक है?" सर म्हणाले, "अम्मा ठीक आहे. चूक आमच्या सूचनेत आहे."

काय झालं होतं ते सांगते. आम्ही 'चला' म्हटलं होतं. 'सरळ चला' म्हटलं नव्हतं, 'कुठे' तेही सांगितलं नव्हतं. आधी व्हरांड्यात चालवून घेतलं म्हणजे माणूस मनातही व्हरांड्यातच चालेल, असं आम्ही गृहीत धरलं. पण आपल्याकडचं वयस्कर माणूस घाबरलं आणि त्याला 'चाल' म्हटलं, तर ते कुठे जाईल? ते देवाकडेच जाईल, आणि देवाकडे गेलं की ते सरळ चालणार नाही, देवाला उजव्या हाताला ठेवून गोल फिरेल. प्रदक्षिणा म्हणजे सगळं वळणच, आणि तेही एकाच बाजूचं. पार्किन्सनच्या माणसाला जे सर्वांत अवघड, ते बाई मशीनमध्ये निजून मनोभावे करत होत्या. पाय चिकटण्याचा क्षण आम्हाला पाहायचा होता. तो या एका चित्रात होता, आणि आम्ही तेच चित्र काढून टाकायच्या बेतात होतो.

आता, चित्रात देऊळ दिसत नाही, हेही खरं. एका बाईंच्या चित्रावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे सर मला दर आठवड्याला ऐकवतात. म्हणून आम्ही बाकीच्यांनाही बोलावलं आणि विचारलं, तुम्ही कुठे चालत होता? गुढियारीचे गुलाबराव रेल्वेत गार्ड होते. ते म्हणाले, "मी तर मालगाडीच्या कडेनं डबे पाहत जाऊन राहिलो होतो." तुळशीरामजी खरं बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मले झोप लागली होती." तुळशीरामजींचं चित्र आम्ही उत्तम म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं, कारण त्यांचं डोकं जराही हललं नव्हतं.

हसायला हरकत नाही. सर मात्र तेव्हा हसले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात समितीला कळवलं की सत्यभामाबाईंना सूचना समजली होती, अपुरी होती ती सूचनाच. त्यामुळे झालेला अभ्यास निष्कर्षाला पुरेसा नाही, तो नव्यानं करावा लागेल. हे लिहिलं म्हणजे निवृत्तीपूर्वी निबंध होणार नाही, हे त्यांना लिहितानाच माहीत होतं. मी विचारलं, "सर, आपण बाईंना ठेवून बाकीचं तसंच नाही का पुढे नेऊ शकत?" ते म्हणाले, "तुळशीरामचं काय करशील?" विषय संपला.

निबंध आजही झालेला नाही. परवाच्या समारंभात सरांच्या कामगिरीची यादी वाचली गेली, त्यात या अभ्यासाचा उल्लेख नव्हता. असायला नकोच होता, तो पूर्ण झालेला नाही. आता आम्ही आधी विचारतो, तुमच्या रोजच्या चालण्यातली सरळ वाट कोणती, आणि वळण कुठे येतं? मग आत तीच वाट चालायला सांगतो. बाहेर आल्यावर पुन्हा विचारतो, कुठे गेला होतात? आणि विचारून झाल्यावर गप्प बसतो. ही शेवटची गोष्ट शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

बाईंची फाइल जशी होती तशी गेली. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची समज आणि आठवण पुन्हा तपासली, आणि मागच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. हात बराच थांबला. बाई आपल्या हातानं जेवतात. लांबून आलेल्या माणसाला पत्ता सांगताना बोटही दाखवतात. पण पाय अजून चिकटतात, विशेषतः वळताना. या शस्त्रक्रियेचा वळण्याला फारसा उपयोग होत नाही, हे सरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी एवढंच शिकवलं की जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, मोठा वळसा घालून वळायचं. बाईंनी ते मनावर घेतलं. शेखरभैयांनी त्यांना एकदा नवं रायपूर दाखवायला नेलं. तिथले ते रुंद, रिकामे रस्ते पाहून बाई म्हणाल्या, "सरकारनं हे माह्यासाठीच केलं दिसते. मोकळं वळता येते, अन् मधात यायले माणूस नाही."

तर सर, तुमच्याविषयी मी एवढंच बोलणार आहे. तुम्ही एका बाईंना एक प्रश्न विचारलात आणि उत्तर येईपर्यंत थांबलात. याला मोठं नाव देण्याची गरज नाही. तुम्हाला ते आवडायचंही नाही. तुम्ही गेल्यावर तो प्रश्न मी विचारत राहीन. उत्तर चुकीच्या ठिकाणी गेलं तरी ते काढून टाकणार नाही. मोठ्या माणसांसमोर दिलेला शब्द मोडणं कठीण जातं, म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर बोलते आहे.

आता खुर्च्यांचं. मंडळाच्या वतीनं सरांना शाल आणि श्रीफळ सत्यभामाबाई देतील. त्या या डाव्या पायऱ्यांनी वर येतील. शाल दिल्यावर त्यांना वळून याच पायऱ्यांनी खाली जायचं आहे. त्या जागच्या जागी वळणार नाहीत. सरांच्या खुर्चीच्या मागून मोठा वळसा घालून येतील. मंडळाचे चिटणीस सचिनदादा यांनी माझ्या सांगण्यावरून त्यासाठी जागा मोकळी करून दिली आहे. याचा कुणी वेगळा अर्थ काढू नये. मीच बाईंना म्हटलं होतं, "म्हणजे ही सरांना प्रदक्षिणाच झाली की." त्या म्हणाल्या, "माणसाले काहून घालू? थो मधात बसला आहे, त्याले मी काय करू?"

खुर्चीच्या मागे, अनंतकाकांच्या पायांपाशी, जागा जरा कमी आहे. तिथे कदाचित त्यांचे पाय थांबतील. थांबू द्यावेत. काका, कृपया उठू नका, हात देऊ नका. मंदाकिनीताई, आपणही. खालून कुणी 'या, या' म्हणू नये. घाई झाली, अचानक आवाज झाला की पाय जास्त चिकटतात. पाय कसे सोडवायचे ते त्यांना येतं, फक्त वेळ लागतो. शेखरभैया, आप बैठे रहिएगा, आपने वादा किया है.

आपण सगळ्यांनी मला शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, लहान तोंडी काही जास्त बोलले असेन, तर आपली मुलगी समजून पदरात घ्यावं. माझ्या बोलण्याला टाळ्या मात्र आत्ता वाजवू नयेत. बाई खाली उतरून आपल्या जागेवर बसल्या की मग वाजवाव्यात, आणि त्या सरांसाठी वाजवाव्यात. तोपर्यंत सभागृहात शांतता असावी, एवढीच विनंती.

सत्यभामाबाई, जागा मोकळी आहे. या.